बोटापासून आवाजापर्यंत

मेघाने मल्टिमीटरची दोन्ही टोके डबीतल्या सेलला टेकवली आणि म्हणाली, "आता उचला, बाबा."

चादरीवर पसरलेल्या उजव्या हाताची तर्जनी किंचित वर उठली आणि खाली पडली. देवरावांच्या मनगटावर घड्याळासारखी बांधलेली डबी गप्पच राहिली.

"अजून एकदा."

बोट पुन्हा उठले. या खेपेला त्याला वेळ लागला. मेघाने मीटरवरचा आकडा पाहिला. सेल रात्री चार्ज केलेला नव्हता, तरी निम्म्याहून अधिक भरलेला होता. बोटावरच्या कापडी टोपीत शिवलेल्या सेन्सरला हालचाल कळत होती, त्याची खूण तारेतून डबीपर्यंत पोचतही होती. आवाज तेवढा निघत नव्हता.

"मी तं म्हणूनच राहिली होती तुले," दारात उभ्या असलेल्या मीराबाई म्हणाल्या. "सकाळी चांगली बोलते. ऊन वर आलं का मुकी."

"काल नेमकं काय झालं, आई?"

मीराबाईंनी ओले हात पदराला पुसले. पुसून झाल्यावरही त्या पुसतच राहिल्या.

"मागच्या बाजूनं कूलरमधी पाणी भरून राहिली होती मी. नळाले धार बारीक. भरून आली तं यांचा चेहरा काळानिळा. लाळ घशात गेली होती. बोट हलून राहिलं होतं यांचं, मेघा. हलूनच राहिलं होतं. अन् डबी चूप."

आत जाऊन त्यांनी भाजीची कढई गॅसवर चढवली. देवरावांचे डोळे छताकडे होते. मेघाने डबीचे झाकण लावले, पट्टा सोडवला आणि डबी पर्समध्ये टाकली.

देवराव नागपूरजवळच्या कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला होते. सगळी नोकरी यंत्रांच्या घरघरीत गेल्यामुळे त्यांना मोठ्याने बोलायची सवय लागली होती. नारी रोडवरच्या या घरात ते फोनवर बोलू लागले की शेजारच्या गच्चीवर पापड घालणाऱ्या बाया हसायच्या. निवृत्तीनंतर एके दिवशी त्यांच्या डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटली आणि त्यांना ते कळलेच नाही. तिथून सुरुवात झाली. मेंदूकडून हातापायांकडे जाणाऱ्या नसा एकेक करून सुटत जातात, यावर औषध नाही, असे डॉक्टरांनी मेघाला बाजूला घेऊन सांगितले होते. पाय गेले, मग हात गेले. जेवण पातळ झाले. मग जीभ जड होऊ लागली.

ती पुरती जड व्हायच्या आधी मेघाने एका रविवारी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि फोन वडिलांच्या तोंडाजवळ धरला. पाणी दे. कूस बदल. दुखून राहिलं. ही तीन वाक्ये तिने लिहून दिली होती. ती म्हणून झाल्यावर देवरावांनी जरा दम खाल्ला आणि स्वयंपाकघराच्या दिशेने पाहत चौथे आपल्या मनाने म्हटले.

"मीरा, इकडे ये वं."

ड्युटीवरून आल्यावर बूट काढता काढता ते जसे म्हणायचे तसेच, थोडेसे करवादून. रेकॉर्ड केलेल्या या चार वाक्यांत मेघाने डबीत तेच पहिले ठेवले. बोट एकदा उचलले की ते वाजणार. दोनदा उचलले की पाणी.

आता त्यांच्याकडे ती तर्जनी उरली होती आणि पापण्या. एकदा मिटल्या तर हो, दोनदा मिटल्या तर नाही. पण पापण्यांचे बोलणे समोर बसलेल्यालाच कळते. आतल्या खोलीतल्या माणसाला हाक मारायची तर आवाज लागतो.

हिंगणा रोडवरच्या एका छोट्या कंपनीत मेघा सर्किटे आखायचे काम करायची. काटोलहून निघणाऱ्या संत्र्यांच्या पेट्यांमध्ये ठेवायच्या, वाटेतले तापमान टिपत जाणाऱ्या लहानशा डब्या तिथे बनत. वडिलांची डबीही तिने तिथल्याच उरल्यासुरल्या भागांतून जुळवली होती. तिच्या शेजारच्या टेबलावर रविंद्र बसायचा. तो तिच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा होता आणि कमी बोलायचा. त्या सकाळी त्याने तिची आकृती आपल्याकडे ओढून घेतली आणि मधल्या एका छोट्या त्रिकोणावर, सेन्सरची खूण आवाजाच्या चिपेकडे पोचवणाऱ्या भागावर, पेनचे टोक ठेवले.

"हा बफर कोणता लावला तू?"

"ड्रॉवरमध्ये होता तोच. घाई होती तेव्हा."

"पाच व्होल्टवाला आहे हा. म्हातारा. तुझा सेन्सर एक पॉइंट आठवर बोलते, आवाजाची चिप तीन पॉइंट तीनवर. मधात हा. सेल पुरा भरून असला तं हा कसंतरी पुढं ढकलते. जरा उतरला का याच्याच तोंडून निघत नाही. अन् बसल्या बसल्या करंट खाते ते वेगळं."

मेघाने मान हलवली. आकृती समोर आल्यावर तिलाही ते दिसले होते. काल दिवसभर आपले वडील बोट हलवत होते आणि ती हालचाल या त्रिकोणापर्यंत येऊन थांबत होती, हेही तिला दिसले. तिने कागद उलटा करून ठेवला.

दुपारपर्यंत दोघांनी मिळून दोन चिपा नक्की केल्या. पहिली बर्डीवरच्या बाजारातल्या दुकानात मिळण्यासारखी होती. तिला जोडणीचे पाय होते, डाग देण्याच्या साध्या कैयाने हाताने बसवता आली असती. पण सेन्सरची एक पॉइंट आठची खूण तिलाही अर्धवटच कळणार होती. त्यासाठी बाजूला आणखी दोन भाग जोडावे लागणार होते आणि तीही रिकाम्या वेळी वीज पीतच राहणार होती. म्हणजे सेल मोठा आणि डबी जड. देवरावांच्या मनगटावर आता मांस उरले नव्हते. चार्जिंगची तार लावून ठेवली तरी तिच्या ओझ्याने हात एका बाजूला कलायचा आणि बोट उचलेनासे व्हायचे.

दुसरी चिप नेमकी याच कामासाठी बनवलेली होती. एका बाजूने कमी व्होल्टची खूण घ्यायची, दुसऱ्या बाजूने जास्त व्होल्टची द्यायची. सेल कितीही उतरला तरी खूण सोडायची नाही, आणि काम नसेल तेव्हा जवळजवळ काहीच खायचे नाही. आकाराने ती राजगिऱ्याच्या दाण्याएवढी होती. नागपुरात ती कोणाकडेच नव्हती. बंगलोरच्या व्यापाऱ्याकडचा साठाही संपलेला होता. तीन हप्ते लागतील, असे त्याच्या माणसाने फोनवर सांगितले.

"बर्डीवरची आज बसते," रविंद्र म्हणाला. "ही तीन हप्त्यांनी. कदाचित चार."

"तुम्ही कोणती लावली असती?"

रविंद्रने चष्मा काढून रुमालाने पुसला.

"संत्र्याच्या पेटीत ठेवायची असती तं मी सांगितलं असतं," तो म्हणाला.

संध्याकाळी मेघाने पलंगाजवळचे स्टूल ओढून वडिलांना सगळे समजावून सांगितले. चिपा, सेल, डबीचे वजन. देवराव कोराडीला असताना तिला असेच समजावून सांगायचे, बॉयलर म्हणजे काय, टर्बाइन कशाने फिरते.

"थोडे दिवस थांबावं लागेल, बाबा. पण एकदा बसली का मग दहा-दहा दिवस पाहायला नको. अन् हलकी राहील. थांबायचं का?"

देवरावांनी पापण्या एकदा मिटल्या.

मेघा त्या रात्री नवे सर्किट आखायला बसली. पुढच्या काही दिवसांत तिने सगळी तयारी केली. रुपयाएवढा स्पीकर आणला, बिस्किटाएवढा चपटा सेल आणला, डबीचे नवे झाकण घासून पातळ केले. सगळे भाग एका ट्रेमध्ये मांडून तयार होते. मधली जागा रिकामी होती.

घरी जुनी डबी सकाळपुरती बोलायची. दिवसभर मीराबाई नळ अर्धवट सोडून धावत यायच्या, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहायच्या आणि परत जायच्या. शेजारच्या मोनालीकडून दूध-भाजी मागवू लागल्या. आंघोळही दार उघडे ठेवून करू लागल्या. पार्सल लांबले. तीन हप्ते झाले, चौथाही सरत आला. दर दोन-तीन दिवसांनी मेघा सेन्सर थोडा अधिक संवेदनशील करायची, कारण आधी जेवढे बोट उठले की खूण मिळायची तेवढे ते आता उठत नव्हते. तिने हे आईला सांगितले नाही. एकदा ती कामावरून परस्पर बर्डीवर गेली आणि ती पहिली चिप घेऊन आली. पाकीट रात्रभर तिच्या उशाशी होते. सकाळी तिने विचार केला की आता एवढे थांबलोच आहोत, एक-दोन दिवसांचा प्रश्न आहे. तो एक-दोन दिवसांचा नव्हता.

पार्सल आले त्या दिवशी नागपूर चांगलेच तापले होते. ऑफिसातल्या सूक्ष्मदर्शकाखाली मेघाने आलेल्या चिपांपैकी एक बसवायला घेतली. ती वाकडी बसली. दुसरी गरम हवेच्या झोताने उडून कुठे गेली ते सापडले नाही. तिसरी बसवताना रविंद्रने पंखा बंद केला आणि टेबलाचा कोपरा दोन्ही हातांनी धरून ठेवला. ती बसली. मेघाने टोपी आपल्याच बोटावर चढवली, बोट उचलले आणि त्या शांत खोलीत तिच्या वडिलांचा आवाज घुमला. रविंद्रने तो कधी ऐकला नव्हता. तो उठून पंखा लावायला गेला आणि थोडा वेळ तिकडेच उभा राहिला.

घरी तिने डबी बांधली तेव्हा मीराबाई आत कणीक मळत होत्या.

"उचला, बाबा."

देवरावांची नजर बोटावर खिळली. कपाळावर घाम आला. बराच वेळ काही झाले नाही. मग नखाजवळची टोपी थरथरली.

"मीरा, इकडे ये वं."

"आली, आली," आतून उत्तर आले, आणि कणकेने भरलेले हात तसेच घेऊन मीराबाई दारात आल्या. हाक कोणी मारली हे दारात आल्यावर त्यांच्या लक्षात आले असावे. त्या तिथेच थांबल्या.

"काय म्हणता जी?" त्यांनी विचारले.

देवरावांनी काही मागितले नाही. त्यांनी डोळे मिटले आणि तसेच ठेवले.

त्यानंतर रोज संध्याकाळी मेघा घरी येऊन हातपाय धूत असली की खोलीतून ती हाक यायची. मीराबाई 'आली जी' म्हणायच्या. नळाखाली हात धरून मेघा ऐकायची. बाबा दिवसा बोलतात का, असे तिने कधी विचारले तर मीराबाई म्हणायच्या, "हो वं, दिवसभर बोलून राहिले." लाळ घशात जायचा प्रसंग पुन्हा आला नाही. मीराबाई आता कूलर भरायला सकाळी मेघा घरी असतानाच जायच्या, पण मेघाला त्यात काही वेगळे वाटले नाही. ती रोज निजण्याआधी सेल मोजायची. आकडा इतका हळू उतरत होता की पहिल्यांदा तिला मीटरच बिघडला असे वाटले.

"नऊ दिवस झाले," ती रविंद्रला म्हणाली. "जवळजवळ पूर्ण भरलेला आहे अजून. मी एकदाही चार्ज केला नाही."

"छान," रविंद्र म्हणाला. सवयीने त्याने कॅल्क्युलेटर पुढे ओढला. "चिप काही खात नाही, हे कबूल. सेन्सरचं हे एवढं. पण स्पीकर तं खाते ना. माणूस दिवसातून वीस-पंचवीस डाव बोलला, तं नऊ दिवसांत निम्मा तरी सेल..."

तो मध्येच थांबला. कॅल्क्युलेटरवरची बोटेही थांबली. मग त्याने तो बंद केला.

"काय काय मागतात ते?" त्याने विचारले.

"आईला बोलावतात."

"अन्?"

मेघाने आठवून पाहिले. पाणी. कूस. दुखणे. गेल्या आठवड्याभरात यातला एकही शब्द तिने घरात ऐकला नव्हता.

ती अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून निघाली. दुपारचे रस्ते रिकामे होते. गाडी तिने कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली लावली आणि चालत घरापाशी आली. फाटक नुसते लोटलेले होते. कूलरच्या घरघरीत तिच्या पावलांचा आवाज आत गेला नाही. बाजूच्या दाराशी ती थांबली.

मीराबाई पलंगाला लागून स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर लसणाचे ताट होते. हातातली पाकळी सोलून त्यांनी ताट खाली ठेवले, बोटे पदराला पुसली आणि नवऱ्याची तर्जनी आपल्या दोन बोटांत धरली. हलकेच वर उचलली आणि सोडली.

"मीरा, इकडे ये वं."

"आली जी," मीराबाई म्हणाल्या. "हे काय, इथंच हावो मी."

त्या तशाच बसून राहिल्या. बोट पुन्हा उचलायला त्यांचा हात पुढे झाला, पण अर्ध्यातून त्यांनी तो मागे घेतला आणि ताट मांडीवर ओढले. देवराव त्यांच्याकडे पाहत होते.

मेघा उलट पावली फाटकापर्यंत गेली. ते तिने पूर्ण उघडले आणि जोराने लावले.

"आज लवकर काहून वं?" मीराबाई बाहेर येत म्हणाल्या.

"डोकं दुखून राहिलं होतं."

"ऊन किती हाय बाहेर. बस, चहा टाकते."

त्या आत गेल्यावर मेघा स्टुलावर बसली. स्टूल अजून गरम होते. तिने तर्जनीवरची टोपी नीट केली आणि हळू आवाजात म्हणाली, "उचला, बाबा."

ती नखाकडे पाहत राहिली. बोट चादरीवर होते तसेच राहिले.

"सुरुवातीचे एक-दोन दिवसच उचललं ना?"

पापण्या एकदा मिटल्या.

मेघाने वडिलांचा हात आपल्या हातात घेतला. त्याचे वजन लागत नव्हते. बर्डीवरची चिप त्याच दिवशी बसवली असती तर महिनाभर, निदान महिनाभर, हे बोट घरात बोलले असते. तिला ते म्हणायचे होते. डोळ्यांत पाहून ते म्हणता येईना, म्हणून ती दुसरेच बोलली.

"भुवई हलते ना तुमची अजून? सेन्सर तिथं लावते. चिकटपट्टीनं बसेल. बाकी काही बदलायची गरज नाही, आजच होईल."

पापण्या मिटल्या. उघडल्या. पुन्हा मिटल्या.

"नाही म्हणता?"

एकदा.

मेघाने नीट निरखून पाहिले. चेहऱ्यावर त्रास नव्हता. देवरावांची नजर तिच्यावरून सरकून स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. आत कपबशांचा आवाज होत होता. ती नजर तिथेच राहिली.

मीराबाई चहा घेऊन आल्या तेव्हा मेघा डबीचा पट्टा हातात धरून बसली होती. त्या दारातच थबकल्या.

"बिघडली का वं?"

"नाही."

"मी जास्त वाजू देत नाही तिले," मीराबाई कपाकडे पाहत म्हणाल्या. "दिवसातून तीन-चार डाव. सेल संपून गेला तं, म्हणून."

मेघाने पट्टा पुन्हा मनगटावर बांधला. बोट जाईल एवढी जागा सोडली, कातडीला काचणार नाही असे पाहिले.

"जपून काहून वापरून राहिली?" ती म्हणाली. "ही चिप काही खात नाही, आई. किती बी बोलले तरी पुरते."

"खरंच?"

"हो."

मीराबाईंनी कप तिच्या हातात दिला. मेघा तो घेऊन बाहेर गेली आणि सावलीतल्या पायरीवर बसली. समोरून कोराडीकडे जाणारी बस धूळ उडवत गेली. चहावर साय धरली. मागून, कूलरच्या घरघरीतून, वडिलांची हाक आली. मग लगेच पुन्हा आली. मग आणखी एकदा. तिने वळून पाहिले नाही.